कुत्रीला नाही कोण म्हणणार

"बाबा, एक तर ट्रेनर बघा, नाहीतर हिला माझ्या मित्राच्या फार्महाऊसवर सोडू," मुलगा बोलला. "बाळ घरी यायच्या आत काय ते ठरवा." बोलला, बूट घातले आणि कामाला गेला. दार लागलं. आत मी, आणि दिवाणावर कुत्री.

ट्रेनर म्हणजे कुत्र्याला शिकवणारा माणूस. आमच्या गावात कुत्र्याला कोणी शिकवलेलं मी बघितलं नाही. कुत्रा मिठागराच्या बांधावर असायचा, शिळा भात खायचा, हाड म्हटलं की जायचा. तेवढं शिक्षण त्याला पुरत होतं. मी पण चौथीपर्यंतच गेलो, मलाही पुरलं. आधी मीठ ओढलं, मग कळंबोलीला लोखंडाचे ट्रक चालवले. आता गावाच्या जागी विमानतळ आहे आणि आम्ही रोडपालीला, सातव्या मजल्यावर. मुलानं हौसेनं फ्लॅट घेतला. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मारलेली आहे. वारा येतो, पण चाळून आल्यासारखा येतो.

कुत्री माझ्या बायकोची. उलव्याला बायकोच्या भाच्याची बिल्डिंग उठत होती, ती बघायला म्हणून गेली. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलेलं आणि त्यात एक पिल्लू कुईकुई करत होतं. एवढे मजूर उभे, मुकादम उभा, कोणी उतरलं नाही. ही बाई लुगडं खोचून उतरली. रिक्षात मांडीवर घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. मी बोललो, "सातव्या माळ्यावर कुत्रा कशाला?" ती बोलली, "तुमाला ठेवलंय ना, मग तिला काय?"

बायको गेली ती ह्याच दिवाणावर. दुपारी चहा मागितला आणि मी आणेपर्यंत गेली. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

आमच्यात माणूस गेलं की पहिल्या रात्री त्या जागेवर दिवा ठेवतात. शेजारी परातीत तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते चार माणसांनी बघायचं. पक्ष्याचा पाय दिसला तर माणूस पक्ष्याच्या जन्माला गेलं, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. माझ्या आईच्या वेळी चिमणीचा पाय निघाला होता. बापाच्या वेळी काहीच नाही, तर लोक बोलले म्हातारा सुटला.

टोपली माझ्या मेहुणीनं उचलली. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, ओव्याला राहते. पिठावर कुत्र्याचं पाऊल. चार बोटं, मागं गादी, शिक्का मारल्यासारखं स्वच्छ. मेहुणीनं तोंडावर हात ठेवला. मोठ्या बहिणीला ती जन्मभर बाय म्हणत आली. "बाय गं!" करून तिनं दिवाणाच्या पायाशी बसलेल्या कुत्रीलाच मिठी मारली. मग माझ्याकडं वळली.

"भावोजी, कुत्री रातीला गॅलरीत होती ना? कडी लावलेली ना?"

"लावलेली," मी बोललो.

लावली होतीच. पण ती कडी धड बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. टोपली पण जराशी सरकलेली होती. आणि कुत्रीच्या नाकावर पीठ होतं. ते मी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं, कोणी बघायच्या आत. का पुसलं ते विचारू नका. आदल्या दिवशी बायकोचं तोंड पण मीच पुसलं होतं, त्याच टॉवेलनं.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरतोय तोच कावळा शिवला. सगळे खूश. काही इच्छा राहिली नाही म्हणे, सुखानं गेली. मला राग आला. एवढा संसार केला आणि मागं काहीच अडकलं नाही हिचं? जरा तरी थांबायला लावायचं होतं कावळ्याला. माझं नाव घ्यायला लावायचं होतं. घरी आलो, कुत्रीकडं बघितलं, आणि मनात म्हटलं, असू दे. पीठ खरं बोलत असेल.

तिथून कुत्रीचं राज्य सुरू झालं.

दर महिन्याला त्या तिथीला मेहुणी डबा घेऊन यायची. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, बायकोला आवडायचं ते सगळं. बायकोच्या ताटात वाढून कुत्रीपुढं ठेवायची, हात जोडायची. आधी कुत्री, मग आम्ही. जनावरांच्या डॉक्टरनं मला झापलं, "काका, हिचं वजन बघा!" मी मान हलवली. बायकोचं वजन कधी काढलं नाही, हिचं काय काढू?

दिवाण कुत्रीचा झाला. मी कडेला टेकलो तरी गुरगुरायची. मी खाली चटई टाकली. गुडघे धरले, शेजारच्यांना सांगितलं, गादीनं गरम होतं. पुढं तर ती दारात आडवी पडायला लागली. मी चप्पल घातली की बघायची, ओठ वर करायची. आमची मंडळी पण तशीच विचारायची, निघालात कुठं? मी चप्पल काढून ठेवायचो. खाली बाकड्यावर चार म्हातारे बसतात, त्यांच्यात मी बसायचो, ते सुटलं. फिरणं सुटलं. कुत्रीला फिरवायला मुलगा न्यायचा, मला कोण नेणार? मी जाळीला नाक लावून उभा राहायचो आणि ते म्हातारे कोणाची चेष्टा करतायत ते वरून ओळखायचा प्रयत्न करायचो.

तेवढ्यात सून बाळंत झाली. मुलगी झाली, माहेरी. सव्वा महिना झाला की घरी आणायची ठरलं. त्याआधी विहीणबाई घर बघायला आल्या, पाळणा कुठं टांगायचा म्हणून. बघून झाल्यावर दिवाणावर टेकल्या. कुत्रीनं हात धरला. नुसता धरला नाही, दात रुतले. रक्त, आरडाओरडा, इंजेक्शनं. मेहुणीला फोनवर सांगितलं तर ती बोलली, "बायला ती बाई पयल्यापासून आवडत नव्हती." मी हसलो. मुलगा हसला नाही. तेव्हाच त्यानं ते फार्महाऊस काढलं. मित्रानं फोटो पण पाठवला होता. विहीर, आंब्याचं झाड, आणि झाडाला साखळी.

मग ट्रेनर बघणं सुरू झालं. मुलीला स्थळ बघतात तसं.

पहिला मुलानं फोनवर शोधला, खारघरचा. काळा टीशर्ट, डोक्यावर गॉगल. बसल्या बसल्या त्यानं मोठमोठ्या कुत्र्यांबरोबरचे स्वतःचे फोटो दाखवले. "अंकल, एका महिन्यात लाईनीवर आणतो. हिला वाटतं घराची मालकीण तीच आहे."

"मग कोण हाय?" आतून मेहुणी बोलली. ती डबा घेऊन आलेली त्या दिवशी.

त्यानं लक्ष दिलं नाही. पिशवीतून स्टीलची साखळी काढली, कुत्रीच्या गळ्यात घातली आणि झटका दिला. कुत्रीच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी भिंत धरली. मेहुणी डाव घेऊन बाहेर आली. "मुडद्या, माझ्या बयनीला फास लावतोस?"

तो बिचारा इकडंतिकडं बघायला लागला. "बहीण कुठे आहे?"

"ही काय!"

त्यानं साखळी काढली, पिशवीत टाकली, चहा पण घेतला नाही. लिफ्टमधून मुलाला फोन केला म्हणे, की तुमच्याकडे कुत्र्याचा प्रॉब्लेम नाहीच आहे.

मग मुलानं मला फोनवरच्या क्लासला बसवलं. त्यातली बाई इंग्रजीतून गोड गोड बोलायची. कुत्री झोपली, मी पण झोपलो.

तिसरा जनावरांच्या डॉक्टरच्या कंपाउंडरनं सांगितला. ओव्याच्या पुढं त्याची जागा होती. कुत्रा महिनाभर तिथंच ठेवायचा, शिकवून परत देणार. कुत्री जेवत होती तेवढ्यात मी सटकलो, रिक्षा केली. जागा चांगली होती, खोटं कशाला बोलू. पत्र्याची शेड, पंखे, धुतलेली फरशी. माणूस पण सभ्य, पाणी दिलं. ओळीनं पिंजरे आणि प्रत्येकात कुत्रा. पण एक पण भुंकत नव्हता. मी अनोळखी म्हातारा, हातात काठी, आणि एकाचाही आवाज नाही.

"भुंकत कसे नाहीत हे?" मी विचारलं.

"शिकवलंय काका," तो बोलला. त्याला वाटलं मी खूश होईन.

एक तांबडा कुत्रा जाळीला नाक लावून बसलेला. माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं फाटक होतं, तिकडं बघत होता. मी पाणी संपवलं आणि निघालो. घरी कुत्री दारातच उभी होती. माझ्यावर एवढी भुंकली, एवढी भुंकली, की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मला बरं वाटलं.

सव्वा महिन्याचे दिवस सरत आले. मुलगा विचारायचा बंद झाला, हे वाईट लक्षण. तो विचारायचा बंद होतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं.

शेवटची मिळाली ती मच्छीवालीमुळं. बायको जिच्याकडून मासे घ्यायची ती बोलली, "माझ्याकडून एक पोरगी सुकट नेते, कुत्र्यांसाठी. शिकवते म्हणं कुत्र्यांना." मी बोललो, पाठव.

ती स्कूटरवरून आली. पनवेल गावातली, पंचविशी-तिशीतली, कमरेला पिशवी, पिशवीला सुकटीचा वास. आली आणि कुत्रीकडं बघितलंच नाही. खाली फरशीवर बसली. कुत्री दिवाणावरून गुरगुरली, तरी बघितलं नाही. मलाच विचारायला लागली. काय खाते, कुठं झोपते, तुम्ही कुठं झोपता. मी चटईकडं बोट दाखवलं. 

"काका, घरात हिला नाही कोण म्हणतं?"

 मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात बसलेली, ती बोलली, "हिला नाय कोण म्हणणार?" आणि मग तिनं सगळं सांगितलं. दिवा, पीठ, टोपली, पाऊल, कडी लावलेली गॅलरी. मी जाळीकडं बघत होतो.

वाटलं पोरगी हसेल. हसली नाही. "आमच्याकडे पण पसरतात मावशी," ती बोलली. "माझ्या आजीच्या वेळी मांजराचं पाऊल निघालं. घरात मांजरच नव्हतं! वर्षभर गल्लीतली सगळी मांजरं पोसली आम्ही. कुठल्यात आजी आहे ते कळेना ना."

"बघा भावोजी!" मेहुणी खूश झाली. "समजूतदार पोर हाय."

पोरगी उठली. पिशवी सारखी केली. "पण त्या मांजरांना शिकवायला कोणी कोणाला बोलावलं नाही मावशी. मी कुत्रे शिकवते, पितर शिकवत नाही. काका, हिच्या आत कोण आहे ते तुम्ही ठरवा. कुत्री असेल तर मला फोन करा. दुसरं कोणी असेल तर ऊठ-बस सांगणारी मी कोण?"

आणि गेली. मुलगा बोलला, "अ‍ॅटिट्यूड बघा हिचा." मेहुणीला ती पटली. मला मात्र तिनं कोपऱ्यात आणून उभं केलं होतं, आणि हे तिला माहीत होतं.

ते दिवस कसे गेले सांगतो. मी चटईवर बसायचो, कुत्री दिवाणावर. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. ती बायको आहे म्हटलं, तर मुलगा तिला नेऊन आंब्याच्या झाडाला बांधणार. कुत्री आहे म्हटलं, तर बायको गेलीच, परत एकदा गेली, आणि ह्या वेळी माझ्या तोंडून. बाहेर जायला दार एकच, आणि दारात ती आडवी. मी तिला विचारलं पण. मोठ्यानं विचारलं, घरात कोणी नव्हतं तेव्हा. "तूच सांग ना. तू असशील तर सांग." तिनं जांभई दिली.

फोन केला तेव्हा मी गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात बोललो. कुत्रीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"कुत्री आहे," मी बोललो.

पलीकडून ती पोरगी बोलली, "उद्या येते काका."

आली. मेहुणी पण आली. मी तिला सांगितलं नव्हतं, मुलानं सांगितलं असणार. ती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून बसली. पोरीनं मला दिवाणासमोर उभं केलं. "काका, तुम्हीच बोलायचं. एकदाच. ओरडायचं नाही आणि विनवायचं पण नाही. उतर, एवढंच."

मी आधी घसा खाकरला. कुत्रीनं कान वर केले. मला सांगायचंय ते हे, की त्या क्षणी मी मनातून म्हणत होतो, उतरू नकोस. गुरगुर. चाव पाहिजे तर. आमच्या मंडळीनं माझा शब्द एका फटक्यात ऐकल्याचं मला आठवत नाही. पंखा बंद कर म्हटलं तरी कशाला विचारायची. लग्नात सप्तपदीला भटजी पुढं चला म्हणाले, तर ही लुगडं सावरत बोलली, थांबा जरा. तेच पाहिजे होतं मला. थांबा जरा.

"उतर," मी बोललो.

कुत्रीनं माझ्याकडं बघितलं. अंग ताणलं. आणि उतरली. सरळ खाली आली, शेपूट हलवली, माझ्या पायाशी येऊन बसली आणि पोरीच्या पिशवीकडं बघायला लागली.

 पोरीनं तिला चिमूटभर सुकट दिली. मग स्वयंपाकघराच्या दारातून मेहुणीचा आवाज आला, अगदी बारीक.

"भावोजी, ही बाय नाय."

"हो," मी बोललो.

"बाय उतरली असती होय?"

"नसती."

"तुमी उतर म्हटल्यावर? तुमी?" आणि तिला हसू आलं. हसता हसता रडायला लागली. बहीण गेली तेव्हा पण ती एवढी रडली नव्हती, पिठानं तिला रडूच दिलं नव्हतं. पोरगी गोंधळली, तिला कळेना आपलं काही चुकलं का. "छान केलंत काका," एवढं बोलली. मी गॅलरीत गेलो. जाळीतून बाकडं दिसत होतं. म्हातारे बसलेले.

त्यानंतर ती पोरगी बरेच दिवस येत होती. कुत्री पटापट शिकली. बस, थांब, जागेवर जा. जागा म्हणजे बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी, पोरीनंच ती सांगितली, वास ओळखीचा पाहिजे म्हणून. कळंबोलीच्या दोन बिल्डिंगमधली माणसं पण आता तिला बोलावतात, मीच नंबर देतो. नात घरी आली. कुत्रीनं लांबूनच तिच्या पायाचा वास घेतला आणि जागेवर जाऊन बसली. विहीणबाई दिवाणावर बसल्या, हात मांडीत लपवून, पण बसल्या. मुलानं फार्महाऊसचं नाव परत काढलं नाही. मी आता दिवाणावर झोपतो. गुडघे बरे आहेत. दारात कोणी आडवं पडत नाही. चप्पल घातली तर घातली. सगळं जसं व्हायला पाहिजे होतं तसं झालं, आणि मला दिवस जाता जात नाही. माझं बोलणं कोणी अडवत नाही, माझं जाणं कोणी अडवत नाही, मग जायचं कुठं? दारापर्यंत जातो आणि परत येतो.

परवा तिथी होती. मेहुणी नेहमीसारखी डबा घेऊन आली. कोळंबी, भाकरी. बायकोच्या ताटात वाढलं, आणि ताट हातात घेऊन उभी राहिली. आता कोणापुढं ठेवणार? कुत्री जागेवर बसून ताटाकडं बघत होती, उठत नव्हती.

"कावळ्याला ठेवू या," मी बोललो.

गॅलरीत नेलं. कावळा होता पण, एसीच्या डब्यावर बसलेला. मध्ये जाळी. तो चोच जाळीला लावून बघायचा, सरकायचा, परत बघायचा. मेहुणीनं ताट जाळीच्या जवळ धरलं. भाकरीचा तुकडा काही त्या भोकातून जाईना. "हितं बायला घास पण नाय पोचत," ती बोलली.

मी पट्टा घेतला. कुत्रीला लावला. ताटावर दुसरं ताट झाकलं आणि लिफ्टनं खाली गेलो. बाकड्याच्या पलीकडं कंपाउंडची भिंत आहे, तिथपर्यंत कोणी येत नाही. भिंतीवर ताट ठेवलं, झाकण काढलं. कोळंबीचा वास सुटला. कुत्रीच्या तोंडाला पाणी सुटलेलं, लाळ जमिनीवर पडत होती. हिनं एवढे महिने हेच ताट खाल्लेलं. तिनं ताटाकडं बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडं. आता तिला सगळ्याला माझा शब्द लागतो.

"बस," मी बोललो.

बसली.

वर वायरीवर दोन कावळे होते, खाली येत नव्हते. काठी टेकून मी पण बसलो. ह्या वेळी कावळा लगेच शिवू नये एवढंच वाटत होतं. बाकड्यावरून एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "अहो, उतरलात का एकदाचे?" मी हात वर करून थांबा म्हटलं आणि कावळ्यांकडं बघत राहिलो. कुत्री माझ्याकडं बघत राहिली.